हाताच्या मिलिंग मशीनचं टेबल कट चालू असताना हलू नये म्हणून

बाजू तासायला घेतलेला जॉब, १२ मिमीची एंडमिल (टोकाने आणि बाजूने कापणारा कटर), आणि मी हँडल सावकाश फिरवतोय. अचानक हातातलं हँडल हलकं झालं. क्षणभर वाटलं, कट संपला. तेवढ्यात टेबल आपणहून पुढे सरकलं, ‘टक्’ असा आवाज आला आणि एंडमिलचा अर्धा भाग जॉबमध्ये रुतून राहिला. मशीन बंद करून मोजलं तेव्हा टेबलाच्या स्क्रूमध्ये ०.६ मिमी बॅकलॅश, म्हणजे आट्यांमधली ढिलाई, निघाला. दर दाताला जेमतेम ०.०५ मिमी माल काढायचा होता. टेबल ओढलं गेलं आणि त्या एका दातावर एकदम बारापट माल आला. कुठलाही कटर त्यात टिकणार नाही.

मिलिंग नव्याने शिकणाऱ्याला मी सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो. कट चालू असताना तीन अक्षांपैकी फक्त एकच मोकळा असला पाहिजे, ज्यावर फीड द्यायचं, म्हणजे जॉब कटरकडे सरकवायचा, तो. तोही सैल नको, हाताला थोडा जड लागला पाहिजे. बाकीचे दोन लॉक. खालचं सगळं या एका सवयीसाठी आहे.

इथे डोळ्यासमोर नी-टाइप व्हर्टिकल मिलिंग मशीन आहे. ब्रिजपोर्टने १९३८ मध्ये आणलेली ही रचना पुढे अनेकांनी उचलली. सगळ्यात वर लांब टेबल, त्याखाली सॅडल, त्याखाली नी आणि मागे कॉलम. टेबल डावीकडे-उजवीकडे जातं तो एक्स अक्ष, सॅडल पुढे-मागे जातं तो वाय आणि नी वर-खाली होते तो झेड. बेंचवर बसणाऱ्या छोट्या मशीनची मांडणी थोडी वेगळी असते, पण हलण्याची कारणं आणि उपाय तेच.

आधी चोर कोण ते ओळखा

टेबल हलतंय असं वाटलं की नवा माणूस थेट ॲलन की घेऊन दिसेल तो स्क्रू आवळायला लागतो. असं करू नका. हालचाल वेगवेगळ्या ठिकाणांहून येते आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे.

पहिली जागा म्हणजे लीड स्क्रू (हँडलने फिरून टेबल सरकवणारा लांब स्क्रू) आणि त्याचा नट. स्क्रूचे आटे आणि नटाचे आटे यांच्यात थोडी मोकळी जागा ठेवावीच लागते, नाहीतर स्क्रू फिरणारच नाही. वापरून वापरून नट झिजतो आणि ती जागा वाढते. हाच बॅकलॅश. दुसरी जागा म्हणजे स्क्रूच्या टोकाचं बेअरिंग. ते सैल असेल तर नट नवा कोरा असूनही स्क्रू उभाच्या उभा पुढे-मागे सरकतो. तिसरी जागा जिब. जिब म्हणजे डोव्हटेलच्या (टेबल ज्यात सरकतं त्या तिरक्या कडांच्या खाचेच्या) फटीत बसवलेली लांब पाचर किंवा पट्टी. ती सैल झाली की टेबल फीडच्या दिशेने न हलता आडवं डोलतं, तिरकं होतं. बॅकलॅश कितीही काढला तरी हे डोलणं जात नाही. जुन्या मशीनवर फिनिश खराब येण्यामागे मला बहुतेक वेळा हेच सापडलं आहे.

चौथी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे हँडलचं स्वतःचं वजन. मूठ वरच्या बाजूला ठेवून तुम्ही हात काढला आणि मशीन थरथरत असेल, तर मूठ हळूहळू खाली येते. तिच्यासोबत स्क्रू फिरतो आणि टेबल सरकतं. ५ मिमी पिचच्या स्क्रूवर पाव वळसा म्हणजे १.२५ मिमी.

टेबलावर आळ घेण्याआधी आणखी दोन ठिकाणं बघा. जॉब व्हाइसमध्ये सरकला का? आणि खोली आपोआप वाढत चालली असेल तर एंडमिल कोलेटमधून (कटर पकडणाऱ्या नळीतून) खाली उतरते आहे का? एंडमिलच्या शँकवर (दांड्यावर) कोलेटच्या तोंडाशी मार्करने रेघ मारून ठेवा. कट झाल्यावर रेघ खाली आलेली दिसली तर टेबल निर्दोष आहे.

डायल लावून मोजा

मशीनचा मेन स्विच बंद करा आणि कटर काढून ठेवा. डायल गेज, मॅग्नेटिक स्टँड आणि कागद-पेन्सिल घ्या.

बॅकलॅशसाठी स्टँड सॅडलवर किंवा नीवर लावा आणि डायलचं टोक टेबलाच्या एका बाजूला टेकवा. हँडल एकाच दिशेने फिरवत राहा. डायलचा काटा हलायला लागला की थांबा आणि हँडलची कॉलर (मापाच्या खुणा असलेली फिरती चकती) शून्यावर आणा. आता उलट दिशेने अगदी सावकाश फिरवा. काटा हलायला सुरुवात झाली त्या क्षणी कॉलरवर जे वाचन दिसेल तो एकूण बॅकलॅश. हेच माप टेबलाच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांजवळ घ्या. स्क्रू मधल्या भागात जास्त वापरला जातो, म्हणून तिथे झीज जास्त असते. तिन्ही आकडे लिहून ठेवा, पुढे लागतील.

या एकूण आकड्यात नट किती आणि बेअरिंग किती, हे वेगळं करता येतं. टेबल लॉक करा. स्क्रूच्या टोकाला सेंटरचं भोक असतं, त्यात थोडं ग्रीस लावून एक छोटी स्टीलची गोळी चिकटवा. डायलचा स्टँड टेबलावर ठेवा आणि सपाट टोक त्या गोळीवर टेकवा. आता हँडल थोडं इकडे-तिकडे झुलवा. काटा जितका हलेल तितकी बेअरिंगची ढिलाई. काटा जवळपास स्थिर राहिला तर सगळा दोष नटाचा. हे करायला पाच मिनिटं लागतात आणि नटाला उगाच हात लावायची वेळ येत नाही. बेअरिंगची ढिलाई बहुधा टोकाच्या नटाने निघते. तो जरा जरा आवळा आणि दर वेळी हँडल मोकळं फिरतंय का ते बघा. फिरताना करकर जाणवली तर बेअरिंग संपलं आहे, आवळून उपयोग नाही, बदला.

जिबसाठी स्टँड सॅडलवर ठेवा आणि डायल टेबलाच्या समोरच्या कडेवर, एका टोकाजवळ लावा. सगळी लॉक सैल करा. टेबलाचं ते टोक दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढा, मग मागे ढकला. काटा ०.०१ ते ०.०२ मिमी हलला तर मी जिबला हात लावत नाही. ०.०५ च्या पुढे गेला की आवळायची वेळ झाली. सॅडलसाठी हीच चाचणी वेगळी करा, तिची जिब वेगळी असते.

जिब आवळण्याआधी सफाई

ही पायरी गाळू नका. स्लाइडवेवर (टेबल ज्यावर सरकतं त्या पृष्ठभागावर) जुनं तेल घट्ट होऊन बसलेलं असेल किंवा बारीक बर (धातूचा कीस) अडकलेली असेल, तर टेबल जड लागतं आणि जिब बरोबर आहे असा भास होतो. किंवा जड लागतं म्हणून तुम्ही जिब सैल करता आणि खरी ढिलाई वाढवून बसता. टेबल एका टोकाला नेऊन उघडा पडलेला स्लाइडवे पुसा, मग दुसऱ्या टोकाला नेऊन उरलेला पुसा. कडेचे फेल्टचे वायपर काढून धुवा. फाटले असतील तर बदला. मग स्लाइडवे ऑइल द्या. ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल बहुतेक मशीनला चालतं, तरी मशीनच्या पुस्तकात काय लिहिलंय ते आधी पाहा. एकाच लिव्हरने सगळीकडे तेल देणारा पंप असेल तर तेल प्रत्येक ठिकाणी खरंच पोचतंय का, हे डोळ्यांनी खात्री करा. एखादी नळी तुंबलेली असली तरी पंप नेहमीसारखाच दाबला जातो. तेल दिल्यावर टेबल चार-पाच वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.

जिब कशी आवळायची

जिब दोन प्रकारची. निमुळती जिब एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असते. ती पुढे सरकली की पाचरीसारखी घट्ट बसते. सपाट जिब एकसारख्या जाडीची पट्टी असते आणि तिला बाजूने ओळीने ग्रब स्क्रू आणि चेकनट असतात.

निमुळत्या जिबला दोन्ही टोकांना स्क्रू असतील तर पातळ टोकाचा स्क्रू आधी सैल करा. मग जाड टोकाचा एक अष्टमांश वळसा आत घ्या आणि पातळ टोकाचा परत टेकेपर्यंत आणा. दुसऱ्या बाजूचा स्क्रू सैल न करता एकच स्क्रू दाबत राहिलात तर जिब वाकते. ती मधोमध कमानीसारखी होते, टेबल जड लागतं आणि डोलतंही. काही मशीनवर जिबला एकच स्क्रू असतो आणि त्याच्या कॉलरवर जिबची खाच अडकलेली असते. तिथे हा एकच स्क्रू दोन्ही दिशांना जिब हलवतो.

सपाट जिबला सगळे चेकनट सैल करा. मधल्या स्क्रूपासून सुरू करून टोकांकडे जा आणि प्रत्येक स्क्रू हलकेच टेकवा. मग एकेका स्क्रूला ॲलन कीने धरून ठेवा आणि पान्याने चेकनट आवळा. की न धरता नट आवळला तर स्क्रूही सोबत फिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. सुरुवातीला इथे सगळ्यांचाच घोळ होतो. दोन-तीनदा करून बघितलं की हात बसतो.

किती घट्ट करायचं? आधी मुद्दाम जरा जास्त घट्ट करा, हँडल स्पष्ट जड लागेपर्यंत. मग थोडं थोडं सैल करत या. हँडल एका हाताने एकसारखं फिरायला हवं, कुठेही हिसका बसता कामा नये. हे पूर्ण प्रवासभर तपासा. जुन्या मशीनवर टेबल मध्यावर सैल आणि टोकांना घट्ट लागतं, कारण स्लाइडवे मध्यावर जास्त झिजलेला असतो. अशा वेळी टोकांना टेबल कसंबसं फिरेल इतकी जिब ठेवा. मध्यावरची उरलेली ढिलाई लॉकच्या जोरावर सांभाळा. सगळं मध्यावर जमवायला गेलात तर टोकाला टेबल अडकेल. त्यावरचा कायमचा इलाज म्हणजे स्लाइडवे घासून घेणं. ते स्क्रॅपिंगचं काम आहे, नवशिक्याने त्यात हात घालू नये.

झालं की डायलची चाचणी पुन्हा करा आणि जुन्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहा.

नट

अनेक मशीनवर नट दोन भागांत असतो आणि एका स्क्रूने ते दोन भाग एकमेकांपासून दूर ढकलता येतात. म्हणजे एक भाग आट्याच्या एका बाजूला टेकतो आणि दुसरा दुसऱ्या बाजूला. तो स्क्रू जरा फिरवायचा आणि टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवून बघायचं. इथेही टोकांचाच विचार करा, कारण तिथे स्क्रू कमी झिजलेला असतो. मध्यावर बॅकलॅश शून्य केला तर टोकाला हँडल फिरणार नाही. शून्याच्या मागे लागू नका. नटाचा बॅकलॅश ०.१ मिमीच्या आसपास आला तर रोजच्या कामाला मला तो पुरतो. नट अखंड असेल आणि खूप झिजला असेल तर नवा बसवणं हाच उपाय.

बॉल स्क्रू (आट्यांमध्ये गोळ्या फिरणारा स्क्रू) बसवलेल्या हाताच्या मशीनबद्दल एक सूचना. बॉल स्क्रूत बॅकलॅश फारच कमी असतो, म्हणून ते चांगलं वाटतं. पण त्यात घर्षणही फार कमी असतं. साध्या स्क्रूचे आटे कटरचा जोर स्वतःच अडवून धरतात, टेबल ढकललं तरी स्क्रू उलटा फिरत नाही. बॉल स्क्रू मात्र उलटा फिरतो, म्हणजे कटरच्या जोराने टेबल सरकून हँडलही फिरू शकतं. अशा मशीनवर लॉक आणि घर्षण दोन्ही जास्त काटेकोरपणे सांभाळावं लागतं.

लॉक

एक्स अक्षाचं लॉक बहुतेक वेळा सॅडलच्या समोर दोन लिव्हरच्या रूपात असतं, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. वायचं लॉक सॅडलच्या बाजूला आणि झेडचं नीच्या बाजूला. लिव्हर आवळला की त्याचं टोक आतल्या छोट्या प्लगला ढकलतं आणि प्लग जिबला दाबतो. एवढीच रचना. म्हणून लिव्हर कितीही आवळला तरी टेबल धरत नसेल तर जोर वाढवू नका, नळी घालून तर मुळीच नाही. लिव्हर पूर्ण बाहेर काढा आणि प्लग बाहेर घ्या. आत बहुधा घट्ट झालेलं तेल आणि बर सापडते. प्लगचं एक टोक तिरकं कापलेलं असेल तर ते कसं बसलं होतं हे काढतानाच लक्षात ठेवा आणि तसंच परत बसवा.

दोन लिव्हर असतील तर दोन्ही थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. एकच आवळला तर टेबल किंचित तिरकं होतं. आवळताना डायलवर किंवा डीआरओवर (टेबलाची जागा आकड्यांत दाखवणाऱ्या डिजिटल पट्टीवर) नजर ठेवा. लॉक करताना टेबल ०.०१ किंवा ०.०२ मिमी सरकणं अगदी सामान्य आहे. त्यावर उपाय सोपा आहे: कड शोधताना म्हणजे शून्य घेतानाही लॉक करूनच शून्य घ्या. नंतर जागेवर आल्यावर लॉक केलं की टेबल साधारण तितकंच सरकतं आणि चूक आपोआप कटते. बारीक कामात लॉक केल्यावर वाचन पुन्हा बघायचं आणि गरज पडली तर सोडून परत बसवायचं.

आता फीडचा अक्ष. त्याचं लॉक पूर्ण सोडू नका. थोडं आवळलेलं ठेवा, हँडल एका हाताने फिरेल पण सोडलं की मूठ जिथल्या तिथे राहील इतकं. यालाच मी वर ‘जड’ म्हणालो. हँडलच्या वजनाने होणारं सरकणं यातच थांबतं.

पॉवर फीड असेल तर मात्र त्या अक्षाचं लॉक पूर्ण सोडलंय ना, हे फीड लावण्याआधी हाताने तपासा. लॉक लागलेलं असताना पॉवर फीड लावलं तर फीडचे गिअर किंवा क्लच जातात. कोण चुकलं हे नंतर शोधून ते परत जुळत नाहीत.

कट कुठल्या दिशेने

सुरुवातीला सांगितलेली एंडमिल तुटली ती लॉकमुळे नाही, दिशेमुळे. कटरचा दात जॉबला फीडच्या विरुद्ध दिशेने ढकलत असेल तर ते कन्व्हेन्शनल मिलिंग. यात टेबलाचा जोर स्क्रूच्या एकाच बाजूला टिकून राहतो आणि बॅकलॅश मध्ये येत नाही. दात जॉबला फीडच्याच दिशेने ओढत असेल तर ते क्लाइम्ब मिलिंग. यात कटर टेबलाला पुढे ओढतो आणि बॅकलॅश जितका असेल तितकं टेबल एका झटक्यात उडी मारतं.

मशीनवर उभं राहून हे असं ओळखा. स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतंय. जॉबची तुमच्या जवळची बाजू तासायची असेल तर टेबल उजवीकडून डावीकडे न्या, हे कन्व्हेन्शनल. जॉबची पलीकडची बाजू तासायची असेल तर टेबल डावीकडून उजवीकडे. मनात घोळ झाला तर असं धरा की कटरच जॉबच्या कडेने चालतोय. चालताना माल त्याच्या डाव्या हाताला असेल तर ठीक, उजव्या हाताला असेल तर क्लाइम्ब.

क्लाइम्बमध्ये फिनिश चांगला येतो, हे खरं. शेवटचा ०.०५ ते ०.१ मिमीचा हात फिरवायला मी तो वापरतो, पण फीडचा अक्ष नेहमीपेक्षा जड करून. जाड कट क्लाइम्बने घ्यायचा नाही, मशीन कितीही नवं असो. पूर्ण रुंदीची खाच मारताना कटरच्या एका बाजूला कन्व्हेन्शनल आणि दुसऱ्या बाजूला क्लाइम्ब एकदमच चालू असतं, म्हणून कटर बाजूला ओढ घेतो. तिथे आडवा अक्ष लॉक केलेला नसेल तर खाच मापाबाहेर रुंद होणारच.

हँडलची सवय

मापावर नेहमी एकाच दिशेने या. चुकून पुढे गेलात तर नुसतं मागे येऊन थांबू नका. बॅकलॅशपेक्षा जास्त, निदान अर्धा वळसा मागे या आणि मग पुन्हा पुढे जाऊन मापावर थांबा. डीआरओ असेल तर वाचन टेबलाच्या खऱ्या जागेचं असतं, त्यामुळे मोजमापात बॅकलॅश येत नाही. पण डीआरओ टेबलाला धरून ठेवत नाही. बॅकलॅश तिथेच असतो आणि कटर त्याचा फायदा घेतोच.

नीच्या बाबतीत वजन आपल्या बाजूने काम करतं. नी, सॅडल आणि टेबलाचा भार स्क्रूवर खाली दाबलेला असतो. म्हणून खोली नी वर घेऊनच घ्या. नी खाली आणायची असेल तर मापाच्या खाली जाऊन परत वर या. मग नीचं लॉक लावा आणि क्विलचं (स्पिंडल वर-खाली नेणाऱ्या नळीचं) लॉकही लावा. क्विल सैल असेल तर टेबल कितीही घट्ट केलं तरी खोली बदलत राहील.

जास्त सावध राहण्याची कामं दोन. फ्लाय कटरमध्ये एकच दात असतो. प्रत्येक फेरीला तो जॉबवर घणासारखा आदळतो आणि सैल राहिलेलं काहीही त्याने हळूहळू सरकतं. बोअरिंग हेडने भोक वाढवताना एक्स आणि वाय दोन्ही लॉक हवेत. भोकाचं केंद्र एकदा धरलं की हेड काढेपर्यंत त्या दोन लिव्हरना हात लावायचा नाही.

सगळं झाल्यावर एका भंगार तुकड्यावर १० मिमीच्या एंडमिलने उथळ खाच मारून बघा. वाय आणि नी लॉक, एक्स थोडा जड. कटर न हलवता टेबल त्याच खाचेतून परत आणा. परतीच्या वेळी कटर एखाद्या बाजूची कड पुन्हा खात असेल तर आवाजावरून लगेच कळतं. खाचेची रुंदी दोन्ही टोकांना मोजा, आणि बॅकलॅशचे आकडे ज्या कागदावर लिहिले त्याच कागदावर तारखेसह हेही लिहून मशीनच्या कपाटात ठेवा.